वारा मोजणाऱ्या अॅना मणी

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे विस्ताराने लिहून दिले आहे.)



विज्ञानातल्या एखाद्या थोर व्यक्तीवर मी चार शब्द बोलावेत, अशी संस्थेची इच्छा आहे. मी बी.ए., बी.एड. झालेला भाषेचा शिक्षक. तेव्हा मी सांगेन ते साध्या भाषेत सांगेन, आणि आपल्या कर्जत-खालापूरच्या माणसाला जे रोज डोळ्यांसमोर दिसते त्याच्या आधारानेच सांगेन. ज्यांच्याविषयी सांगणार आहे त्या बाईंचे नाव अॅना मणी. त्या हवामानशास्त्रज्ञ होत्या. वारा, पाऊस, ऊन मोजण्याची उपकरणे आपल्या देशात तयार व्हावीत, आणि ती बिनचूक असावीत, यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. त्यांच्या कामाचा मोठा काळ आपल्यापासून एका घाटाच्या अंतरावर, पुण्यात गेला.

पण आधी आपल्या मुलखाकडे पाहू. आपला मुलूख पावसाचा. राब भाजून झाले, पेरणी झाली, की सगळ्यांचे डोळे पश्चिमेच्या ढगांकडे लागतात. आवण वर आले आणि पावसाने दडी मारली तर काळजी, लावणीनंतर उल्हास किंवा पाताळगंगा पात्राबाहेर आली तरी काळजी. आपण घरात बोलताना ‘मोसम’ म्हणतो. इंग्रजीतला ‘मान्सून’ आणि आपला ‘मोसम’ या दोन्ही शब्दांचे मूळ अरबी ‘मौसिम’ या शब्दात आहे. मौसिम म्हणजे ठरलेला काळ. अरबी समुद्रात वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात. त्या ठरलेल्या वाऱ्यांवर भरवसा ठेवून दर्यावर्दी आपली गलबते हाकीत. आपल्या कोकणी घराण्यांतल्या कितीतरी आजोबा-पणजोबांनी जहाजांवर नोकऱ्या केल्या. वारा ओळखणे हा त्यांच्या पोटापाण्याचा हुनर होता.

तर वाऱ्यापावसाविषयी आपण बोलतो पुष्कळ. ‘काल धो धो पडला’, ‘कौले उडतील असा वारा सुटला’, असे आपण म्हणतो. परंतु ‘धो धो’ म्हणजे किती? यंदाचा ‘धो धो’ मागल्या वर्षीच्यापेक्षा जास्त की कमी? नेरळचा जास्त की खोपोलीचा? बोलण्याला हिशेब नसतो. हिशेब ठेवायचा तर मोजावे लागते, आणि मोजायचे तर उपकरण लागते.

विद्यार्थी मित्रांनो, पावसाचे माप तुम्ही पाठ केलेले आहे, पण त्याचा अर्थ लक्षात घ्या. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब व एक मीटर रुंद जागेवर एक लिटर पाणी. आपली शेती आपण गुंठ्यांत मोजतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे एक मिलिमीटर पाऊस पडला की एका गुंठ्यावर सुमारे १०१ लिटर पाणी पडले. आपल्याकडे मोसमभरात साधारण ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो असे धरा. एका गुंठ्यावर तीन लाख लिटर पाणी झाले! आता विचार करा. पर्जन्यमापक आंब्याच्या झाडाखाली ठेवला, किंवा त्याला बारीकशी चीर गेली आणि दहा मिलिमीटर कमी भरले, तर एकरामागे चाळीस हजार लिटर पाणी कागदावरून नाहीसे झाले. उपकरण लहान असते, पण त्याच्या चुकीचा गुणाकार फार मोठा होतो. अॅना मणींच्या सगळ्या कामाचे मर्म या एका वाक्यात आहे, म्हणून ते ध्यानात ठेवा.

या मोजमापाला शिस्तही मोठी असते. पर्जन्यमापक उघड्या जागी हवा, त्याचे तोंड समपातळीत हवे, आणि त्यातले पाणी रोज सकाळी साडेआठला मोजले पाहिजे. साडेआठच का? आपली सकाळची साडेआठ ही ग्रीनिचची पहाटे तीनची वेळ. त्या ठराविक वेळी जगभरच्या वेधशाळा नोंदी घेतात. सगळ्यांनी एकाच क्षणी पाहिले, तरच सगळ्या जगाच्या हवेचे एक चित्र तयार होते. दाढी करून, चहा घेऊन, सवडीने नऊ वाजता मोजले तर ते चालत नाही.

मोजमापाचा उपयोग काय, असे कोणी विचारील तर त्याला खोपोलीला न्यावे. तेथे १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. घाटमाथ्यावर लोणावळ्याच्या बाजूला तलाव बांधले, पावसाचे पाणी अडवले, आणि ते मोठ्या नळांतून खाली खोपोलीत आणून त्यावर वीज काढली. ती वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. पुढे १९२२ साली आपल्या कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. आता सांगा, तलाव केवढा बांधायचा, भिंत किती उंच घ्यायची, हे कशावरून ठरवणार? पावसाच्या जुन्या नोंदींवरून. कोणीतरी वर्षानुवर्षे भर पावसात बाहेर जाऊन काचेच्या मापात पाणी ओतून आकडा लिहिलेला असतो, तेव्हाच इंजिनिअरला धरण बांधता येते.

आपल्या जिल्ह्यात याचे आणखी एक नामी उदाहरण आहे. मुंबईत कुलाब्याला १८२६ पासून वेधशाळा आहे. तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही मोजणी होत असे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेमुळे चुंबकीय उपकरणांची मापे बिघडतील हे वेधशाळेचे प्रमुख नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनी ओळखले. त्यांनी अलिबागची जागा निवडली, लोखंड कटाक्षाने टाळून तेथे इमारती उभारल्या, आणि १९०४ साली चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. सुमारे दोन वर्षे मुंबई आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुने आकडे व नवे आकडे यांचा सांधा बिनचूक जुळावा. मापाचा मान राखणे म्हणतात ते हे. अॅना मणी याच परंपरेतल्या.

आता त्यांच्या चरित्राकडे वळू.

अॅना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड या डोंगराळ गावी झाला. हा भाग आज केरळ राज्यात आहे. आठ भावंडांत त्यांचा नंबर सातवा. वडील स्थापत्य अभियंता होते व त्यांचे वेलदोड्याचे मळे होते. घर सुखवस्तू होते, पण रीत तीच जुनी. मुलांनी शिकून मोठ्या हुद्द्यावर जावे आणि मुलींनी लग्न करून सासरी जावे. थोरल्या बहिणींची लग्ने लहान वयातच झाली. अॅनाला वाचनाचे वेड होते. गावच्या वाचनालयातली मल्याळम पुस्तके तिने आठव्या वर्षापर्यंत जवळजवळ सगळी वाचून संपवली, आणि बाराव्या वर्षापर्यंत इंग्रजी.

त्या घरात मुलीच्या आठव्या वाढदिवसाला हिऱ्याची कर्णफुले देण्याची चाल होती. अॅनाचा आठवा वाढदिवस आला. कर्णफुले समोर आली. तिने ती घेतली नाहीत. ‘मला एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड हवेत,’ असा तिने हट्ट धरला. पालकहो, या प्रसंगाकडे मी पुन्हा येणार आहे.

वायकोमच्या सत्याग्रहाचा तो काळ होता. १९२५ साली महात्मा गांधी वायकोमला आले. लहान वयात झालेला तो संस्कार अॅनाच्या मनावर कायम राहिला. त्या खादी वापरू लागल्या. आपल्या देशाला लागणाऱ्या वस्तू आपल्या देशात व्हाव्यात, हा विचार त्यांनी पुढे उपकरणांच्या बाबतीत खरा करून दाखवला.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९३९ साली त्यांनी भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. ऑनर्सची पदवी घेतली. घरून फारसे उत्तेजन नव्हते, तसा फारसा विरोधही नव्हता. १९४० साली त्यांना बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची शिष्यवृत्ती मिळाली, आणि नोबेल पारितोषिक मिळवणारे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाताखाली त्या संशोधन करू लागल्या. विषय होता हिरे आणि माणके यांच्यातून निघणारा प्रकाश. ज्या मुलीने हिऱ्याची कर्णफुले नाकारली तिच्या हाती पुढे हिरेच आले, पण अभ्यासासाठी! प्रकाश इतका मंद असे की फोटोच्या काचेवर त्याचा ठसा उमटायला पंधरा-वीस तास लागत. त्या रात्री प्रयोगशाळेतच काढीत. १९४२ ते १९४५ या काळात त्यांचे पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले.

१९४५ साली त्यांनी आपला प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे पाठवला. विद्यापीठाने सांगितले, तुम्ही एम.एस्सी. नाही, म्हणून पीएच.डी. देता येत नाही. ऑनर्सची पदवी होती, शिष्यवृत्ती गुणांवर मिळवलेली होती, पाच निबंध छापून आलेले होते. परंतु नियमाच्या कागदावर एक रकाना रिकामा राहिला, आणि पदवी हुकली ती कायमची. मणीबाईंनी त्याचे कधी भांडवल केले नाही. पदवी नसल्याने आपल्या आयुष्यात काही मोठे अडले नाही, असे त्या पुढे म्हणत. तो प्रबंध रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात जपून ठेवलेला आहे.

त्याच वर्षी सरकारी शिष्यवृत्तीवर त्या लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेल्या. मनात भौतिकशास्त्राचा पुढचा अभ्यास होता. पण शिकण्याची जागा मिळाली ती हवामानाच्या उपकरणांची. दुसरे कोणी हिरमुसले असते. यांनी समोर आलेले काम मनापासून शिकून घेतले. उपकरण कसे घडते, कसे तपासावे, दोन उपकरणांची मापे कशी जुळवावीत, हे सारे शिकून १९४८ साली त्या स्वतंत्र भारतात परतल्या आणि पुण्यात भारतीय हवामान खात्यात रुजू झाल्या.

पुण्याला शिवाजीनगरकडे गेलेल्यांनी ‘सिमला ऑफिस’ हे नाव ऐकले असेल. पुण्यात सिमला कुठून आले, असा प्रश्न पडतो. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय पूर्वी सिमल्याला होते. १९२८ साली ते पुण्यात आले, आणि लोकांनी त्याला ‘सिमला ऑफिस’ म्हटले ते आजतागायत. खात्याच्या उपकरण विभागात मणीबाई काम करू लागल्या. विभागाचे प्रमुख एस. पी. वेंकटेश्वरन हे स्वदेशीचे कट्टे होते. स्वातंत्र्यापूर्वी साधा तापमापक व वायुभारमापकही विलायतेहून मागवावा लागे. वेंकटेश्वरन यांनी पुण्यात कारखाना उभा केला होता. अवघड उपकरणे मात्र अजून बाहेरूनच येत.

मणीबाईंनी सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करवले. प्रमाणित आराखडा म्हणजे काय? शिंप्याच्या कापडी मापासारखी गोष्ट आहे. माप एकदा बरोबर कापून ठेवले की त्यावरून कितीही कपडे बेतता येतात. तसेच आराखडा बिनचूक असला की पुण्यात तयार झालेला पर्जन्यमापक कर्जतला ठेवा की काश्मीरला, दोन्हींचा मिलिमीटर एकच असतो. १९५३ साली त्या विभागप्रमुख झाल्या, तेव्हा त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करीत होते. त्या काळी एवढ्या पुरुषांनी एका बाईचा शब्द मानला, तो तिच्या कामातल्या हुकमतीमुळे.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून जगभर पाळले गेले. त्या निमित्ताने मणीबाईंनी देशात सूर्याची उष्णता मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे केले. सुरुवातीला उपकरणे परदेशी होती. लवकरच ती त्यांनी येथेच बनवून घेतली. १९६० नंतरच्या दशकात आकाशात फुग्याबरोबर सोडून ओझोन वायू मोजण्याचे उपकरण त्यांच्या देखरेखीखाली भारतात तयार झाले. ओझोनच्या थराची चिंता जगाला लागली त्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट. १९६३ साली थुंबा येथून भारताचा पहिला अग्निबाण सुटला. तेथील हवामान केंद्र आणि उपकरणांचा मनोरा उभारण्याचे काम डॉ. विक्रम साराभाई यांनी मणीबाईंकडे सोपवले होते. अग्निबाण सोडायचा तर वारा किती आणि कुठून, हे आधी कळायला हवे! १९६९ साली त्या खात्याच्या उपमहासंचालक म्हणून दिल्लीला गेल्या आणि १९७६ साली निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर माणसे विश्रांती घेतात. मणीबाईंनी बंगलोरला नवे काम काढले. देशात ऊन किती आणि वारा किती, याची मोजदाद करून ती पुस्तकरूपाने देशापुढे ठेवायची. ‘भारतातील सौर प्रारणाची माहितीपुस्तिका’ १९८० साली निघाली, ‘भारतावरील सौर प्रारण’ हा ग्रंथ १९८१ साली, आणि भारतातील पवन ऊर्जेच्या आकडेवारीचा त्यांचा मोठा ग्रंथ १९८३ साली. वाऱ्याचा वेग व सूर्याची उष्णता मोजणारी उपकरणे बनवण्याचा एक लहानसा कारखानाही त्यांनी बंगलोरला सुरू केला.

येथे वाऱ्याचे शास्त्र थोडे समजून घेऊ, म्हणजे या पुस्तकांची किंमत कळेल.

वारा मोजण्याचे साधे उपकरण म्हणजे खांबावर फिरणाऱ्या तीन वाट्या. वाटीची पोकळ बाजू वारा जास्त अडवते, फुगीर बाजू कमी अडवते, म्हणून वाट्या गरगर फिरतात. किती वेगाने फिरल्या यावरून वाऱ्याचा वेग कळतो. सोपे वाटते. पण खांब दहा मीटर उंच हवा. जवळपास घर, झाड, भिंत नको. एखादा अडथळा असलाच तर त्याच्या उंचीच्या दहापट अंतरावर असावा. वाट्यांच्या आसात धूळ बसली की त्या हळू फिरतात व वारा कमी दाखवतात. म्हणून त्या काढून पुन्हापुन्हा तपासाव्या लागतात.

आता गणिताचे विद्यार्थी इकडे लक्ष द्या. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ४ मीटर वेगाचा वारा घ्या. चाराचा घन ६४. आता ५ मीटर घ्या. पाचाचा घन १२५. वेग एकानेच वाढला, शक्ती जवळजवळ दुप्पट झाली! याची उलटी बाजूही पाहा. खरा वारा १० मीटरचा आहे आणि आपल्या बिघडलेल्या उपकरणाने ११ दाखवला. चूक फक्त दहा टक्क्यांची. पण दहाचा घन १,००० आणि अकराचा १,३३१. म्हणजे विजेच्या हिशेबात एक तृतीयांश चूक झाली. त्या चुकीच्या आकड्यावर भरवसा ठेवून कोणी कोट्यवधी रुपयांच्या पवनचक्क्या उभारल्या तर त्याचे दिवाळे निघेल. चुकीचे माप घेण्यापेक्षा न मोजलेले बरे, असे मणीबाई बजावीत ते याचसाठी.

कोकणात देवगडच्या कड्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. साताऱ्याला चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवर त्यांच्या रांगा दिसतात. कोणत्या पठारावर वारा खरोखर पुरेसा आहे, हे वर्षभर मोजल्याशिवाय तेथे एक खांबही रोवता येत नाही. २०२५ साली भारताच्या पवनचक्क्यांची क्षमता ५०,००० मेगावॅटपर्यंत पोहोचली. या कामाचा पाया ज्यांनी घातला त्यांत अॅना मणींचे नाव अग्रभागी आहे. १९८७ साली त्यांना के. आर. रामनाथन पदक मिळाले. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी लग्न केले नाही. पुस्तके, पक्षी, डोंगरातली भटकंती आणि काम, एवढाच त्यांचा संसार.

मित्रहो, हे सारे ऐकून कोणी म्हणेल, त्याचे आपल्याला काय? त्याचे उत्तर फार जवळ आहे, आणि दुःखाचेही आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागले. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा होता. रायगड जिल्ह्यात कितीतरी घरांचे पत्रे कागदासारखे उडाले. पण ते येणार हे आधी कळले होते, म्हणून किनाऱ्यावरची माणसे आधीच हलवता आली आणि पुष्कळ जीव वाचले. तीन वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, आपल्याच खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, आणि ५७ माणसे बेपत्ताच राहिली. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे तेव्हा सरकारतर्फे सांगण्यात आले.

केवळ एका पर्जन्यमापकाने ती माणसे वाचली असती असे मी म्हणणार नाही. दरड कोसळण्याला जमिनीची, खडकाची, उताराची कारणे असतात. पण डोंगरातला पाऊस आणि पायथ्याचा पाऊस यांत फार फरक असतो, हे माथेरान व नेरळ पाहणाऱ्याला सांगायला नको. डोंगरात किती पाऊस जिरला हे जितक्या ठिकाणी मोजू, तितका इशारा आधी देता येईल. राज्यात आता दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसवलेली आहेत. पण यंत्र बसवले म्हणजे काम संपत नाही. त्याच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकतो, कोळी जाळे विणतो, बाजूला झाड वाढते. त्याची निगा राखणारे, त्याचा आकडा खरा की खोटा हे ओळखणारे शिकलेले माणूस लागते. ते माणूस आपल्या मुलामुलींतून का निघू नये?

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला मी एक काम सांगतो. सरळ उभ्या बाजूंची एक बरणी घ्या, ती अंगणात उघड्यावर वाऱ्याने पडणार नाही अशी बसवा, आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची उंची मोजा. वहीत तारीख आणि आकडा लिहा, आणि बरणी रिकामी करून ठेवा. पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहा. जागा कोरी सोडू नका. शून्य हेही माप आहे. ज्या दिवशी मोजायचे राहिले त्या दिवशी ‘मोजले नाही’ असे लिहा. मनाने आकडा घालू नका. जूनपासून सप्टेंबरपर्यंत एवढे केलेत तर विज्ञानाचा पहिला धडा तुम्ही शिकलात, आणि सचोटीचाही.

ज्यांना यात पुढे जायचे आहे त्यांनी भौतिकशास्त्र व गणित सोडू नये. पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राचा उच्च अभ्यासक्रम आहे. पुण्यातच १९६२ साली स्थापन झालेली उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. कॉलेजची वाट ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी आय.टी.आय.मध्ये ‘इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक’ हा ट्रेड आहे. खोपोली-रसायनीच्या पट्ट्यातल्या प्रत्येक कारखान्यात दाब, तापमान, प्रवाह मोजणारी उपकरणे असतात, आणि ती दुरुस्त करणारा हात सगळीकडे हवा असतो. हातात असा हुनर असला तर आखातात जाण्यासाठी एजंटाच्या दारात ताटकळावे लागत नाही. आणि गेलेच तर मजूर म्हणून जावे लागत नाही.

शेवटी पालकांना दोन शब्द. मुलगी चांगली शिकत असते, दहावीला चांगले मार्क मिळवते, आणि मग घरात हिशेब सुरू होतो. कॉलेज लांब, लोकलची गर्दी, रात्रीची वेळ. हे प्रश्न खोटे नाहीत. मी त्यांची थट्टा करणार नाही. पण त्याच घरात तिच्या शादीसाठी तोळ्यातोळ्याने सोने जमवणे चालू असते. त्यासाठी बाप आखातात उन्हात राबत असतो, आई पैपै वाचवत असते. मायेपोटीच हे चालते, हे मला माहीत आहे. म्हणून मी दागिने करू नका असे म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की आठ वर्षांच्या अॅनाला विचारले गेले, आणि तिचे म्हणणे ऐकले गेले. आपणही आपल्या मुलीला एकदा विचारावे, बेटी, तुला काय हवे? तिने दागिना मागितला तर जरूर द्या. पण तिने पुस्तक मागितले, प्रयोगशाळेची फी मागितली, पुण्याच्या वसतिगृहातली जागा मागितली, तर दोन तोळे बाजूला ठेवून ते द्या. सोने पेटीत राहते. इल्म माणसाबरोबर राहते, आणि वेळ पडली तर गावाच्या उपयोगी पडते.

मणीबाईंना पदवी नाकारली गेली, मनाजोगता विषय मिळाला नाही, हाताखाली सगळे पुरुष होते. तरी त्यांनी जे हाती आले ते बिनचूक करून दाखवले. आपल्या मुलीही अडचणींतून वाट काढतील. पहिल्या पायरीवर घरच्यांनी त्यांचा हात सोडू नये, एवढीच माझी विनंती आहे.

येत्या जूनपासून आपल्या शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक व वाऱ्याचे उपकरण बसवावे, आणि रोजची नोंद आठवी-नववीच्या मुलामुलींनी आळीपाळीने ठेवावी, अशी सूचना मी संस्थेपुढे ठेवतो. खर्च थोडा आहे. दहा वर्षांनी त्या वहीला जी किंमत येईल ती मात्र पैशात करता येणार नाही. ही सूचना पदाधिकारी मनावर घेतील अशी आशा बाळगतो, आणि माझे भाषण संपवतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!